कुंडीतील रयत

मृगाचा पाऊस दर्यावरून चढून आला, की मालवणच्या किनाऱ्यावरील घराघरांतून दरसाल एक स्थलांतर घडते, ज्याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही. उन्हाळाभर खळ्यात आणि पायऱ्यांवर मांडलेल्या कुंड्या, पागोळ्यांच्या धारेखाली ज्यांची माती वाहून जाईल आणि पानांच्या चिंध्या होतील अशी धास्ती घरातील बायकांना वाटत असते, त्या एकामागून एक उचलल्या जाऊन पडवीत, ओटीवर, खिडकीच्या कट्ट्यावर आणि जागा अपुरी पडल्यास माजघरातही दाखल होतात. पश्चिमेची झड अडवावी म्हणून पडवीच्या उघड्या बाजूंना माडाच्या चुडतांची झापे, किंवा अलीकडच्या रिवाजाप्रमाणे निळे प्लास्टिक, बांधून घेतले जाते. आणि मग ज्या हवेत बरणीतल्या मिठाला पाणी सुटते व दोरीवरचे कपडे चार चार दिवस ओलसर राहतात, त्या हवेत ही झाडे अर्धवट अंधारात, कधीच पुरती न वाळणाऱ्या मातीत, तीन महिने काढतात. आषाढ लागतो न लागतो तोच त्या मातीत काहीतरी हलू लागते.

गेल्या आषाढात आमच्या आवाठातील एक वृद्ध काकी आपल्या मनीप्लांटची कुंडी छत्रीखाली धरून, स्वतः भिजत, माझ्या ओटीवर आल्या आणि कुंडी पुढे ठेवून म्हणाल्या, "झिला, ह्या मातयेत कसले किडे पडलेत बग. पाणी घातला काय टणाटणा उडतत. वायच थिमेट घालू काय?" एवढ्या तीन वाक्यांत फिर्याद, पुरावा आणि शिक्षेची तजवीज असे सगळे प्रकरण त्यांनी उरकले होते, राहिला होता तो फक्त तपास. कुंडीतील किड्यांच्या बाबतीत आपण बहुतेक सर्वजण काकींसारखेच वागतो. जे वळवळले ते शत्रुपक्षाचे, आणि शत्रूला विष, एवढे दोनच कलमांचे आपले कायदेपुस्तक असते. वास्तविक ओल्या कुंडीत जे जीव नजरेस पडतात, त्यांपैकी बहुसंख्य ही त्या मातीची निरुपद्रवी रयत असून, दंडास पात्र असा त्यांत एखाददुसराच निघतो. आणि त्यालाही घरात बोलावून घेणारा इसम बहुधा हातात झारी घेऊन शेजारीच उभा असतो.

तपासासाठी लागणारी सामग्री अगदी माफक आहे: एक पांढरा कागद, शाळकरी मुलाच्या दप्तरात सापडते तसे भिंग, पाण्याने भरलेली वाटी आणि एक कच्चा बटाटा. कुंडीच्या अगदी वरच्या थरातील चमचाभर माती कागदावर पातळ पसरून दोन मिनिटे स्वस्थ बसावे, कारण माती हलवल्याबरोबर दडी मारून बसलेले जीव तेवढ्या अवधीत पुन्हा आपापल्या कामाला लागतात, आणि रंगरूपापेक्षाही त्यांच्या चालण्याची तऱ्हाच त्यांची ओळख अधिक खात्रीने पटवते. कोणी उडी मारतो, कोणी सरपटतो, कोणी कासवासारखा रेंगाळतो, कोणी हलतच नाही. दुसरा चमचा वाटीतल्या पाण्यात सोडावा. काकींच्या कुंडीतील माती मी पाण्यात सोडली तेव्हा माती तळाशी गेली आणि पाण्यावर राखेची चिमूट शिंपडावी तसे दीडेक मिलिमीटर लांबीचे करडे-पांढरे कण तरंगू लागले. भिंगाखाली त्या कणांना सहा पाय आणि दोन आखूड शृंगिका दिसल्या, आणि सुईच्या टोकाने डिवचताच त्यांतला एक कण पाण्याच्या पृष्ठभागावरूनच उसळी घेऊन वाटीबाहेर पडला. ओळख पटवण्यास याहून अधिक पुरावा लागत नाही.

इंग्रजीत या प्राण्याला स्प्रिंगटेल म्हणतात. मराठीत त्याला रूढ नाव नाही, म्हणून या लेखापुरते आपण त्याला उडीकिडा म्हणू. नाव काही फारसे शोभिवंत नाही, परंतु प्राण्याचे काम त्यातून कळते. त्याच्या पोटाखाली, शेवटाकडून पुढे दुमडलेला, दोन टोकांचा एक चिमटा असतो आणि तो एका खिटीत अडकवून ठेवलेला असतो. धोक्याची चाहूल लागताच खिटी सुटते, चिमटा जमिनीवर आपटतो आणि धनी कित्येक सेंटिमीटर दूर जाऊन पडतो. कोठे पडावे यावर त्याचा फारसा ताबा नसतो. त्याला पंख नाहीत, आणि पाय सहा असले तरी त्याच्या मुखाचे अवयव डोक्याच्या आत दडलेले असल्यामुळे आजचे शास्त्रज्ञ त्याला कीटकांच्या खऱ्या वर्गात जमेस धरीत नाहीत. पोटाखालीच त्याला आणखी एक नळीसारखा अवयव असतो, ज्याच्या योगाने तो पाणी शोषतो आणि गुळगुळीत पृष्ठाला चिकटूनही राहतो; इंग्लंडमधील जॉन लबक या गृहस्थाने, जो पेशाने सावकारी पेढीचा मालक, पार्लमेंटचा सभासद आणि डार्विनचा शेजारी होता, या नळीवरूनच संपूर्ण गणाला कोलेम्बोला हे नाव दिले आणि १८७३ साली त्यावर एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पेढीचे हिशेब आटोपून संध्याकाळी कुजक्या पानांतले किडे मोजीत बसणारा सावकार आपल्याकडे कोणी पाहिला असल्यास मला ठाऊक नाही.

या प्राण्याची वंशावळ मात्र सावकारांच्या काय, राजांच्याही वंशावळींना लाजवणारी आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी नावाच्या खेड्याजवळ जे गारगोटीचे प्राचीन थर आहेत, त्यांत सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीची वनस्पती आणि त्या वनस्पतींत वावरणारे जीव जसेच्या तसे शिलाभूत झालेले सापडले. त्यांतील एका उडीकिड्याचे वर्णन १९२६ साली दोघा संशोधकांनी मिळून प्रसिद्ध केले, त्यांपैकी एक हर्स्ट नावाचा इंग्रज होता आणि दुसरे समरेंद्र मौलिक हे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणारे बंगाली कीटकशास्त्रज्ञ होते. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या प्रचंड ग्रंथमालेतील पर्णभुंग्यांवरचे खंडही याच मौलिकांच्या हातचे. सहा पायांच्या प्राण्यांचे जे अतिप्राचीन अवशेष आजवर हाती लागले आहेत, त्यांत या उडीकिड्याची गणना होते. ज्या सह्याद्रीला आपण बोलण्याच्या ओघात अनादि म्हणतो, त्याचा काळा कातळ लाव्हारसातून थिजला त्याला उणीपुरी साडेसहा कोटी वर्षे झाली. म्हणजे काकींच्या मनीप्लांटच्या कुंडीत जो बागडत होता, त्याचे घराणे आंबोलीच्या घाटाहून सहापट जुने निघाले. हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी कुंडीकडे जरा संशयाने पाहिले, परंतु थिमेटची पुडी काही कमरेतून काढून दिली नाही.

उडीकिडा खातो काय, हा खरा प्रश्न. तो बुरशीचे तंतू खातो, कुजलेले पान खातो, जिवाणू खातो, आणि या खाण्यातून पाचोळ्याचे मातीत रूपांतर होण्याच्या कामास हातभार लावतो. चांगल्या जमिनीच्या एका चौरस मीटरमध्ये त्यांची संख्या दहा हजारांपासून लाखापर्यंत भरू शकते, आणि आपल्या पायांखाली ही एवढी वस्ती आहे याची आपल्याला गंधवार्ताही नसते, यावरूनच त्यांच्या उपद्रवाचे मान कळावे. त्याच्या कातडीतून ओलावा लवकर उडून जातो, म्हणून कोरड्या मातीत तो टिकत नाही. एरवी मातीच्या कणांमधील पोकळ्यांत तो राहतो, आणि झारीचे पाणी पडून त्या पोकळ्या बुडाल्या म्हणजे जीव वाचवण्यासाठी वर येतो. आपल्याला तो नेमका तेव्हाच दिसतो आणि आपण म्हणतो, किडे झाले. अपवाद नाहीत असे नाही. ऑस्ट्रेलियात लसूणघासाच्या कुरणांवर याच गणातील एक हिरवट गोलसर जात पाने खरवडून मोठे नुकसान करते, आणि अतिशय दमट पेटीत नुकत्याच उगवलेल्या कोवळ्या अंकुरांना आपल्या जातीही क्वचित चाटून जातात. परंतु वर्षावर्षाच्या जुन्या मनीप्लांटला, शेवंतीला किंवा क्रोटनला त्यापासून भय नाही. उडीकिडा हा ओलाव्याचा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला फाशी देऊन गुन्ह्याचा निकाल लागत नाही. काकींची कुंडी मी तशीच परत केली व आठ दिवस पाणी न घालण्याची ताकीद दिली.

पंधरवड्याने काकींचा निरोप आला की उड्या मारणारे गेले, पण आता काळी चिलटे आली आहेत आणि ती दिव्याभोवती, चहाच्या कपात आणि देवापुढच्या निरांजनात पडून मरतात. या वेळी मात्र तक्रारीत तथ्य होते.

चिलटे हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो, आणि कोकणात तर ज्येष्ठ-आषाढात त्याचा घोटाळा अधिकच होतो, कारण त्याच दिवसांत फणसाच्या चारखंडांवर, पिकून खाली गळलेल्या आंब्यांवर आणि केळीच्या घडावर जी जाडसर, तांबड्या डोळ्यांची चिलटे जमतात ती निराळी. मोरीच्या जाळीपाशी भिंतीवर चिकटून बसणारी, बदामाच्या पानासारख्या केसाळ पंखांची करडी माशी निराळी. डास तर निराळाच. कुंडीतले चिलट दोन-तीन मिलिमीटर लांबीचे, काळपट, सडपातळ, लांब पायांचे आणि मण्यांच्या माळेसारख्या शृंगिकांचे असते. भिंगाखाली त्याच्या पंखावर एका शिरेचे दोन फाटे फुटलेले दिसतात आणि बेचक्याचा आकार उमटतो. उडण्यात ते मंद आहे. कुंडीला धक्का दिला तर उठते, घुटमळते आणि पुन्हा मातीवर येऊन धावू लागते. ते चावत नाही, डंख करीत नाही, आणि प्रौढावस्थेत जेमतेम आठदहा दिवस जगते. याचे शास्त्रीय कुळ सियारिडी, आणि घरातील कुंड्यांत आढळणाऱ्या बहुतेक जाती ब्रॅडिसिया या प्रजातीतल्या. अळिंब्यांची लागवड करणाऱ्यांना हेच कुळ पुरते परिचयाचे आणि पुरते नकोसे आहे.

अपराध प्रौढाचा नव्हे, अळीचा. मादी ओल्या मातीच्या भेगांत शंभर ते दोनशे अंडी घालते; चारसहा दिवसांत त्यांतून पारदर्शक पांढुरक्या, चकचकीत काळ्या डोक्याच्या अळ्या निघतात, ज्या दोन आठवड्यांत पाचसहा मिलिमीटर वाढतात, मग मातीतच कोष करतात आणि चारसहा दिवसांत नवे चिलट बाहेर पडते. आपल्याकडच्या पावसाळी उष्म्यात अंड्यापासून चिलटापर्यंतचा हा सगळा फेरा तीन ते चार आठवड्यांत पुरा होतो. अळीचे मुख्य अन्न बुरशी व कुजका पाला हेच. परंतु गर्दी झाली किंवा ते अन्न पुरेनासे झाले, की ती कोवळी केशमुळे कुरतडू लागते, आणि कापून लावलेल्या फांदीला फुटू पाहणारी मुळे तर तिला विशेष प्रिय असतात. त्यातही वाईट असे की मुळकूज आणि रोपांची मर घडवणाऱ्या बुरशीचे बीजाणू अळ्या व चिलटे एका कुंडीतून दुसरीत पोहोचवतात. मोठे झाड हे सगळे सोसते. मिरची-वांग्याच्या रोपांचा वाफा किंवा कलमांची पेटी सोसत नाही. पाणी भरपूर असूनही पाने मलूल पडणे, वाढ खुंटणे, खालची पाने पिवळी होणे ही चिन्हे दिसली म्हणजे आपण स्वाभाविकपणे आणखी पाणी घालतो, आणि येथेच प्रकरण चिघळते.

संशयाची खात्री करण्यासाठी बटाटा. त्याची बोटभर जाडीची चकती सालीशिवाय मातीवर दाबून ठेवावी आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलटून पाहावी. अळ्या असल्यास त्या चकतीच्या खालच्या अंगाला चिकटलेल्या किंवा आत पोखरत शिरलेल्या सापडतात, काळ्या डोक्यांमुळे साध्या डोळ्यांनाही मोजता येतात, आणि ती चकती फेकून दिली की तेवढा भार कमीही होतो. काकींच्या चकतीखाली मी चौदा मोजल्या.

आता ही चिलटे आमच्या किनाऱ्यावर इतकी सुखाने का नांदतात, याचा विचार केला तर आपल्या घरगुती वहिवाटीतच त्याची कारणे सापडतात, आणि ती सांगताना कोणाचा अपमान करण्याचा माझा हेतू नाही, कारण यांतील प्रत्येक गोष्ट माझ्या घरीही घडत आलेली आहे. तांदळाचे धुवण टाकून देऊ नये, ते झाडाला घालावे. बांगडे-तारल्या धुतलेले पाणी कढीलिंबाला फार मानवते. चहाचा चोथा गुलाबाच्या बुंध्याशी. अर्धवट कुजलेले शेण आणि मूठभर पाचोळा वरून. खळ्यातील मोकळ्या जमिनीत, कडक उन्हात आणि गांडुळांच्या सान्निध्यात, ही सर्व खते खरोखर उपयुक्त ठरतात. तीच सामग्री वीतभर कुंडीत, उजेड नसलेल्या पडवीत, आर्द्रा-पुनर्वसूच्या हवेत घातली म्हणजे तिच्यावर बुरशीची साय धरते, आणि बुरशी म्हणजे चिलटांच्या अळ्यांना वाढलेले ताट. त्यात भर पडली ती काथ्याच्या भुशाची, ज्याला दुकानदार कोकोपीट म्हणतात. ज्या मुलखात सोडणांचे ढीग परसात पडलेले असतात, तेथे सोडणापासून निघालेला हा भुसा विटांच्या आकारात बांधून, कागदी वेष्टनात, पैसे मोजून घरात येतो हा विनोद बाजूला ठेवला, तरी त्याचा एक स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे: तो स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतो, आणि वरचा पापुद्रा फिकट, कोरडा दिसत असताना खाली बोटभर खोलीवर चिखलासारखा ओला असतो. डोळ्यांवर विश्वास ठेवून पाणी घालणारा मनुष्य येथे हटकून फसतो. म्हणून बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसून पाहावे आणि तेथे ओल लागली तर झारी जागच्या जागी ठेवावी. किड्यांविरुद्ध जी शस्त्रे आहेत, त्यांतले पहिले आणि सर्वांत धारदार शस्त्र हेच बोट आहे, आणि त्याला किंमत पडत नाही.

वरचा बोट-दीड बोट थर दोन पाण्यांच्या मध्ये पुरता वाळू दिला, तर अंडी आणि लहान अळ्या सुकून मरतात, आणि मादीला अंडी घालण्यास जागा मनासारखी राहत नाही. पावसाळ्यात वाळणेच कठीण, म्हणून दिवसाआड कुंड्या उजेडाच्या कडेला सरकवणे, पंख्याचा वारा लागू देणे आणि एकमेकींना चिकटून ठेवलेल्या कुंड्यांत वीतभर अंतर ठेवणे एवढे करावे लागते. कुजका पाला व खताची साय चमच्याने खरवडून काढावी. त्यावर जाडसर वाळूचा किंवा चिऱ्यांच्या खाणीवर मिळणाऱ्या जांभ्याच्या भरड खड्यांचा बोटभर थर द्यावा, म्हणजे पृष्ठभाग लवकर सुकतो. मात्र भरड पाण्याने धुऊन तिच्यातील तांबडी भुकटी काढून टाकावी, नाहीतर दोन पावसांत तिचाच लगदा होतो, आणि घरापासून हाकेच्या अंतरावर आहे म्हणून पुळणीतली वाळू आणून टाकू नये, कारण तिच्यातील मीठ चिलटांच्या आधी झाडाला संपवते. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे सांगण्याची पाळी यावी याचे नवल वाटेल, परंतु हा प्रमाद मी स्वतः एका अँथुरियमच्या कुंडीत केलेला आहे.

उडत्या चिलटांसाठी पिवळा रंग. पिवळ्या पुठ्ठ्याच्या तुकड्याला एरंडेल किंवा ग्रीस फासून तो मातीलगत आडवा ठेवला तर चिलटे आपण होऊन त्याला चिकटतात. बाजारात तयार चिकट कागदही मिळतात. याने सगळा बंदोबस्त होतो असे मानू नये, परंतु रोज किती चिकटली याचा हिशेब ठेवता येतो आणि उपाय लागू पडतो आहे की नाही हे त्यावरून कळते. उपाय कोणताही असो, तो चार आठवडे नेटाने चालवला पाहिजे, कारण आज मारलेल्या चिलटांच्या मागे मातीत अंडी, अळ्या आणि कोष अशी तिहेरी फळी उभी असते, आणि आठ दिवसांत हात आखडता घेणारा मनुष्य नेहमी दुसऱ्या पिढीकडून हरतो.

एवढ्यानेही भागले नाही तर एका जिवाणूची मदत घेता येते. १९७६ साली इस्रायलमधील नेगेव्ह वाळवंटात डासांच्या मेलेल्या अळ्यांनी भरलेले एक डबके मार्गालिथ व गोल्डबर्ग या संशोधकांना आढळले, आणि त्या मृत्यूचे कारण शोधता शोधता बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा इस्रायलेन्सिस हा प्रकार हाती लागला. हा जिवाणू प्रथिनाचे स्फटिक तयार करतो. अळीने ते गिळले की तिच्या आतड्यातील क्षारधर्मी रसात ते विरघळतात आणि आतड्याच्या भित्तीला छिद्रे पाडतात. माणसाच्या, गुरांच्या, माशांच्या किंवा गांडुळांच्या पोटात हा प्रकार घडत नाही. शेजारच्या गोव्यात, पणजी शहरात बांधकामांवरील साठलेल्या पाण्यात वाढणाऱ्या हिवतापाच्या डासांविरुद्ध, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात या जिवाणूचे प्रयोग झालेले आहेत, आणि चिलटांच्या अळ्या डासांच्या दूरच्या भाऊबंद असल्यामुळे त्यांच्यावरही तो लागू पडतो. पाण्यात कालवून ते पाणी मातीला द्यावे आणि आठवड्याने पुन्हा द्यावे. उडणाऱ्या चिलटावर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही, तेव्हा पहिल्या आठवड्यात निराश होऊ नये.

डासांचा विषय निघालाच आहे तर कुंडीखालच्या बशीबद्दल सांगितले पाहिजे, जरी ते किंचित विषयांतर होईल. मातीतील चिलटांनी कोणाला ताप आणलेला नाही. बशीत साठलेल्या स्वच्छ पाण्यात मात्र डेंग्यूचा पट्टेरी डास आठदहा दिवसांत अंड्यापासून पंखांपर्यंत पोहोचतो. आरोग्य खाते आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा असे सांगते, तेव्हा टाक्या-पिंपांबरोबर या बश्याही त्या हुकमात येतात, हे सुशिक्षित घरांतूनही सर्रास विसरले जाते.

मातीतले उरलेले रहिवासी थोडक्यात उरकतो. तपकिरी, चकचकीत, मोहरीच्या दाण्याहून पुष्कळ लहान आणि आठ पायांचे जे जीव कासवाच्या गतीने चालताना दिसतात, ते मातीतील कोळी; पानांच्या मागे जाळी विणून रस शोषणाऱ्या लाल कोळ्याशी त्यांचे नाते दूरचे, आणि ते उडीकिड्याप्रमाणेच कुजक्यावर जगतात. त्यांच्यापेक्षा चपळ, फिकट रंगाचे धावरे कोळी दिसले तर आनंदच मानावा, कारण ते चिलटांच्या अळ्या खातात. त्यांना हात लावू नये.

ज्याच्याविषयी खरोखर सावध राहावे, तो मात्र सहसा दिसतच नाही. मुळांवरचा पिठ्या ढेकूण मातीच्या वर येत नाही, उडत नाही, उड्या मारीत नाही; झाड विनाकारण महिनोन्महिने झुरत राहते, आणि कुंडी उपडी करून मातीचा गड्डा बाहेर काढला म्हणजे मुळांवर व कुंडीच्या आतल्या अंगाला कापसाच्या पुंजक्यांसारखा पांढरा मेणचट लेप दिसतो. बुरशीचा पांढरा तंतू जाळीसारखा पसरतो. हा लेप ठिपक्याठिपक्यांनी बसतो, आणि काडीने दाबला तर आतून ओलसर शरीर चिरडते. निवडुंग, नेचे आणि आफ्रिकन व्हायोलेट यांच्यावर त्याचा विशेष डोळा असतो. कुंडीच्या तळाच्या भोकातून मुंग्यांची रांग जातायेताना दिसली तर त्याचा संशय अवश्य घ्यावा, कारण त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या त्याला गुरांसारखा राखतात. येथे दयामाया नको. माती घरापासून दूर टाकून द्यावी, मुळे वाहत्या पाण्याखाली बोटांनी स्वच्छ धुवावी, फार माखलेली मुळे छाटावी, कुंडी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावी आणि नव्या मातीत झाड लावून महिनाभर इतरांपासून वेगळे ठेवावे. नवे रोप विकत घेताना कुंडीतून हलकेच उचलून मुळे पाहण्याची सवय लावून घेतली, तर ही सर्व यातायात बहुतेक वाचते. रोपवाटिकेच्या मालकाला ते आवडत नाही, हा भाग वेगळा.

राहता राहिली काकींची पुडी. थिमेट हे ज्याचे बाजारातले नाव, ते फोरेट नावाचे दाणेदार कीटकनाशक आपल्या मुलखात दोन पिढ्या नारळी-सुपारीच्या बागांतून आणि भातशेतीतून इतके वापरले गेले, की थिमेट हा शब्द कीडनाशकाचा पर्यायच होऊन बसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ते अत्यंत घातक अशा सर्वांत वरच्या वर्गात मोडते. ते कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात शिरते, मुळांतून झाडाच्या पानापानांत चढते, आणि ज्या कुंडीत तुळस, कढीलिंब किंवा मिरची आहे त्या कुंडीत ते घालणे म्हणजे आपल्याच ताटात घालणे होय. त्याच्या आधीच्या पिढीची गॅमेक्सीनची पांढरी भुकटी, म्हणजे बीएचसी, १९९७ साली या देशात बंद झाली, आणि फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. तरीही मांगराच्या आढ्याला, जुन्या पिशवीत, गाठ मारून ठेवलेली पुडी अनेक घरांत निघते. चिमूटभर चिलटांसाठी पडवीत, जेथे नातवंडे रांगतात आणि मांजर कुंडीतली माती उकरते, तेथे ती उघडणे म्हणजे उंदीर मारण्यासाठी तोफ डागणे नव्हे, तर घरालाच सुरुंग लावणे आहे. घासलेट ओतण्याची जुनी युक्तीही तितकीच त्याज्य, कारण त्याने मुळे मरतात. तंबाखूचे पाणी नैसर्गिक म्हणून निर्धोक समजणाऱ्यांनी निकोटिन हे स्वतःच एक जहाल विष आहे हे लक्षात ठेवावे. दालचिनीची पूड मातीवर भुरभुरण्याचा सल्ला हल्ली पुष्कळजण देतात. त्याने अपाय नाही, बुरशीला थोडा आळा बसतही असेल, परंतु ज्या कोकणाला कृषी विद्यापीठाने दालचिनीचा 'कोकण तेज' हा वाण दिला, तेथील मनुष्याने ती साल चिलटांवर उधळण्यापेक्षा भातात घालावी, असे माझे मत आहे. कडुनिंबाचे तेल साबणाच्या पाण्यात फेटून मातीला दिल्यास अळ्यांची वाढ काही प्रमाणात खुंटते, आणि हात राखून वापरल्यास तेवढे पुरे.

काकींनी पुडी शेवटी दिली, पण सहजासहजी नव्हे. आधी त्यांनी पिवळ्या पुठ्ठ्यावर चिकटलेली चिलटे स्वतः मोजली, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मोजली आणि आकडा निम्म्यावर आल्याची खात्री करून घेतली. तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारून ती पुडी कोठे जमा करावी याची तजवीज मी केली. मनीप्लांटला श्रावणात तीन नवी पाने आली, आणि कुंडीतली माती भिंगाखाली धरली तर चारदोन उडीकिडे अजूनही तेथे आहेत.

वाचकांपैकी ज्यांच्या पडवीत सध्या अशाच कुंड्या उभ्या असतील, त्यांना एवढेच विनवणे आहे की मालवणच्या बंदरात दर्याला नारळ अर्पण होईपर्यंत, रोज सकाळी सवयीने झारी उचलण्याआधी बोट मातीत घालून पाहावे, आणि बोटाला ओल लागली तर झारी खुंटीला परत अडकवावी.